रोमन अंक: चार-सहा आणि नऊ-अकरा यांची अदलाबदल कशी थांबवायची

एका आईनं विचारलं आहे: मुलगी दुसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. शाळेनं १ ते ५० रोमन अंक पाठ करून यायला सांगितलं आहे. रोज तक्ता लिहून घेते, तो ती बिनचूक लिहिते. पण मध्येच एखादा अंक विचारला की चार आणि सहा, नऊ आणि अकरा यांची अदलाबदल करते. घरातलं रोमन आकड्यांचं घड्याळ दाखवलं तर आणखीच गोंधळली. पंधरा दिवसांनी चाचणी आहे. कसं शिकवू?

ताई, आधी तो रोजचा तक्ता बंद करा. तक्ता बिनचूक येतो आणि सुटा अंक चुकतो, यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. ती अकरा ते वीसचा रकाना कसा भरते ते एकदा शेजारी बसून निरखा. बहुतेक मुलं आधी वरपासून खालपर्यंत सरळ Ⅹ काढत जातात. मग पुन्हा वर येतात आणि एक ते दहाच्या रकान्यात बघून प्रत्येक Ⅹ च्या पुढे उरलेली चिन्हं उतरवतात. पान भरतं, अक्षर सुबक येतं, आणि तेवढ्या वेळात पोरीनं एकही संख्या वाचलेली नसते.

चुका नेमक्या याच दोन जोड्यांत का होतात तेही बघा. दोन, सात, बारा ती कधी चुकत नसणार. चार-सहा आणि नऊ-अकरा या जोड्यांत चिन्हं तीच असतात, फक्त काडीची जागा बदलते. म्हणजे तिच्या लक्षात राहत नाही असं नाही. काडीच्या जागेला अर्थ असतो, हे तिला अजून कुणी दाखवलेलं नाही. शाळेत नियम सांगितला असेल की लहान चिन्ह डावीकडे असेल तर वजा करा, उजवीकडे असेल तर मिळवा. मोठ्यांना हा नियम सोपा वाटतो. सात वर्षांच्या मुलांचं डावं-उजवं अजून पक्कं झालेलं नसतं आणि वजाबाकीही नवी असते. दोन कच्च्या गोष्टी एकमेकींवर रचल्या की तिसरी पक्की कशी होणार?

सुरुवात करण्याआधी एवढं तपासा. वीस-पंचवीस काड्या पुढ्यात ठेवून विचारा, "चौदा म्हणजे दहाचे गठ्ठे किती आणि सुट्या किती?" एक गठ्ठा आणि चार सुट्या, असं तिनं न अडखळता सांगितलं तर पुढे चला. ती अजून १२ आणि २१ यांत गोंधळत असेल तर रोमन अंक बाजूला ठेवा आणि आधी गठ्ठे-सुटे पक्के करा. बालभारतीच्या पाचवीच्या गणितात रोमन संख्याचिन्हं पहिल्याच प्रकरणात आली, तीही Ⅰ, Ⅴ, Ⅹ या तीन चिन्हांपुरती. मुलं दहा वर्षांची होईपर्यंत थांबण्यात शहाणपण होतं असं माझं ठाम मत आहे. पण शाळेनं दुसरीत दिलंच आहे, तर निदान नीट शिकवू.

साहित्य घरातलंच घ्या. खराट्याचे हीर चार-चार बोटांचे तोडून घ्या, नाहीतर आइस्क्रीमच्या काड्या धुऊन ठेवा. आगपेटीच्या काड्या वापरणार असाल तर गूल आधी काढून टाका. एक मोजपट्टीही लागेल. हे सगळं घेऊन मुलीच्या शेजारी बसा, समोर नको. एका कागदावर Ⅸ लिहा आणि कागद उलटा फिरवून बघा. समोर Ⅺ येईल. म्हणजे मुलगी तिच्या बाजूनं बरोबर नऊ मांडते, समोर बसलेल्या आईला अकरा दिसतात, आई "चूक" म्हणते आणि पोर बरोबर असलेलं मोडून टाकते. वर्गात बाकाच्या पुढे उभं राहून वही बघतानाही हेच होतं. काड्या मांडताना मोजपट्टी खाली आडवी ठेवायची आणि काड्या तिच्यावर उभ्या करायच्या, असा नियमच करा. पट्टीची बाजू ती खालची बाजू. अंकांची कार्डं केलीत तर प्रत्येक कार्डाच्या खालच्या कडेला रंगीत रेघ ओढा.

आता क्रम. एक, दोन, तीन, चार असं ओळीनं शिकवू नका. चार आणि नऊ पूर्ण बाजूला ठेवा. पहिल्या दिवशी एक, दोन, तीन: एक काडी, दोन काड्या, तीन काड्या. त्यानंतर थेट पाच. हाताचा पंजा उघडा, चार बोटं एकत्र ठेवा आणि अंगठा लांब करा. अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये Ⅴ दिसतो. हे चिन्ह तिथूनच आलं असं मी म्हणत नाही, पण एका हाताची बोटं पाच, हे ध्यानात ठेवायला ही खूण चांगली. त्यानंतर दहा. एक Ⅴ सुलट मांडायचा आणि त्याच्या टोकाला टोक लावून खाली दुसरा उलटा मांडायचा. दोन पाच मिळून Ⅹ तयार होतो. हे मुलीनं स्वतःच्या हातानं करावं, तुम्ही करून दाखवू नये.

तीन चिन्हं हातात आली की सहा, सात, आठ. पाचानंतर एक काडी, दोन काड्या, तीन काड्या. मग अकरा, बारा, तेरा. मग पंधरा, सोळा, सतरा, अठरा. इथपर्यंत सगळी नुसती बेरीज आहे, मुलं भराभर पुढे जातात आणि त्यांना आपल्याला हे जमतंय असं वाटतं. ते वाटणं फार महत्त्वाचं आहे, कारण अवघड भाग यानंतर यायचा आहे.

इथे नाण्यांचा उपयोग करून घ्या. एक, पाच आणि दहा रुपयांची नाणी काढा, दोनची बाजूला ठेवा. "आठ रुपये दे, कमीत कमी नाण्यांत." ती पाचाचं एक आणि एकाची तीन देते. तेच काड्यांनी मांड म्हणा: Ⅷ. "सोळा रुपये दे." दहा, पाच, एक: ⅩⅥ. मोठं नाणं आधी ठेवायचं, मग लहान. हे करता करता Ⅴ दोनदा का लिहीत नाहीत तेही आपोआप कळतं. पाचाची दोन नाणी झाली की दहाचं एक घेता येतं, मग दोन कशाला द्यायची? एक ते तीन वेळा चालणारी चिन्हं कोणती आणि एकदाच चालणारं कोणतं, हे पाठ करून घ्यायची गरज राहत नाही.

याच टप्प्यावर एक प्रश्न जरूर विचारा: "Ⅷ मोठं की Ⅹ मोठं?" बरीच मुलं Ⅷ सांगतात, कारण त्यात चिन्हं जास्त आहेत. आपल्या अंकांत जास्त अंकांची संख्या मोठी असते, नव्व्याण्णवापेक्षा शंभर लांब दिसतात. इथे तसं नाही. अडतीस लिहायला सात चिन्हं लागतात, ⅩⅩⅩⅧ, आणि पन्नासाला एक. मुलीनं आठ असं उत्तर दिलं तर रागवू नका, नाणी पुढे करा. चार नाणी असली तरी रुपये आठच, आणि एक नाणं असलं तरी रुपये दहा.

अठरापर्यंत वाचन सहज व्हायला लागलं की चारकडे या. आधी तिला तिच्या मनानं चार मांडू द्या. ती चार काड्याच मांडेल, आणि त्यात काहीही गैर नाही. रोमन लोकही सर्रास तसंच लिहीत. रोममधलं कलोसियम इ.स. ८० मध्ये खुलं झालं. त्याच्या दारांवर क्रमांक कोरलेले आहेत आणि चव्वेचाळीस नंबरच्या दारावर ⅩⅬⅠⅠⅠⅠ असं आहे. चाळीस आखडून लिहिलेत (Ⅼ म्हणजे पन्नास, त्याच्या आधी एक Ⅹ), चार मात्र चार काड्यांनी. मग चार काड्या आखडायच्या कशाला? याचं उत्तर मुलीच्या डोळ्यांनाच देऊ द्या. दोन कार्डं करा, एकावर तीन काड्या, दुसऱ्यावर चार. क्षणभर दाखवा, लपवा आणि विचारा किती होत्या. तीन चटकन ओळखता येतात, चार मोजाव्या लागतात. चार काड्या मोजायचा त्रास वाचवायला नवी युक्ती काढली, एवढं सांगितलं की पुरतं.

आता ती युक्ती. वजाबाकीचा नियम अजिबात सांगू नका. जमिनीवर खडूनं संख्यारेषा काढा आणि नेहमीचे अंक घाला: ३, ४, ५, ६, ७. पाचाच्या घरात मोठा Ⅴ काढा. मुलीला म्हणा, "तू काडी. पाचाच्या एक घर आधी उभी राहा. कुठे आलीस?" चारवर. "आता पाचाच्या एक घर नंतर उभी राहा." सहावर. आता हेच कागदावर: काडी Ⅴ च्या आधी असेल तर पाचाच्या आधीचा अंक, काडी Ⅴ च्या नंतर असेल तर पाचाच्या नंतरचा. काडी संख्यारेषेवर जिथे उभी राहिली त्याच बाजूला कागदावरही उभी असते. डावं-उजवं नाही, वजा-अधिक नाही, फक्त आधी आणि नंतर. वाचताना बोट ज्या दिशेनं सरकतं त्या दिशेनं जे अगोदर भेटतं ते "आधी". हे सहा-सात वर्षांच्या मुलांना पक्कं कळतं. जमिनीवर करताना तुम्ही दोघी रेषेच्या एकाच बाजूला तोंड करून उभ्या आहात ना, तेवढं बघा. पलीकडून बघितलं की सगळं उलटं होतं.

दहाचंही तसंच. दहाच्या घरात Ⅹ, काडी एक घर आधी उभी राहिली की नऊ, एक घर नंतर की अकरा. चार-सहा पक्के झाल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्या, मग नऊ-अकरा घ्या. दोन्ही जोड्या एकाच दिवशी घेतल्या की मुलं चार आणि नऊ यांची गल्लत करायला लागतात.

मुलीला "आय एक्स", "व्ही आय" असं वाचू देऊ नका. "आय एक्स म्हणजे नऊ" अशी सवय लागली की दर वेळी आधी अक्षरं, मग भाषांतर, असं दुहेरी काम होतं आणि त्या मधल्या पायरीवरच आय एक्सचं एक्स आय होतं. चिन्ह दिसलं की तोंडातून "नऊ" आलं पाहिजे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ही खोड जास्त असते, कारण त्यांना ती अक्षरं ओळखीची असतात. तुमची मुलगी "नाइन" म्हणाली तरी चालेल, पण संख्याच म्हणू द्या.

मुलीनं आठ असे लिहिले, ⅠⅠⅩ, तर? दहाच्या दोन घरं आधी. तिनं ती युक्ती नीट समजून घेऊन पुढे नेली आहे, म्हणून आधी शाबासकी द्या. रोमन लोकांनीही हे केलेलं आहे. इ.स. ९ मध्ये जर्मनीतल्या लढाईत मारल्या गेलेल्या मार्कुस काएलिउस नावाच्या रोमन अधिकाऱ्याचा स्मृतिशिलालेख जर्मनीत बॉनच्या संग्रहालयात आहे. त्यावर त्याच्या अठराव्या पलटणीचा क्रमांक ⅩⅠⅠⅩ असा कोरला आहे. तिला हे दोन वाक्यांत सांगा आणि मग सांगा की आता सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे, आधी एकच काडी लावायची, दोन नाहीत. हा संकेत आहे, तर्क नव्हे. मुलांना "असं ठरलंय" हे उत्तर चालतं. त्यांना खुपतं ते बरोबर विचार करूनही कारण न सांगता मिळालेली फुली.

फुलीवरून आठवलं. या पाठात मुलीचं लेखन तपासताना लाल फुली आणि बरोबरची खूण दोन्ही वापरू नका. बरोबरची खूण Ⅴ सारखी दिसते आणि फुली तर थेट Ⅹ. तिनं Ⅰ लिहिला आणि तुम्ही शेजारी फुली मारली की तिच्या वहीत नऊ तयार झाले. चुकलेल्या अंकाभोवती पेन्सिलीनं गोल करा.

लिहायचं कधी? वाचन विनाअडथळा यायला लागलं की. तोवर काड्याच. लिहिताना दोन-तीन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे वरखालच्या आडव्या रेघा. छापील रोमन अंकांना त्या असतात, म्हणून काही शाळा वहीतही मागतात. मराठी वाचणाऱ्या मुलांना शिरोरेषेची सवय असतेच, त्यामुळे वरची रेघ ती आनंदानं ओढतात, दोन अंकांवरून सलग ओढतात आणि शेजारचे Ⅴ व Ⅲ मिळून आठ होऊन बसतात. सुरुवातीला रेघा नकोतच. बाईंनी मागितल्या तर आधी अंक पूर्ण लिहायचा, मग तेवढ्याच अंकाच्या वर एक आणि खाली एक, अशा रेघा ओढायच्या.

दुसरी अडचण चौकटीच्या वहीची. गणिताच्या वहीत एका चौकटीत एक अंक लिहायची सवय असते. ⅩⅧ लिहिताना मुलं पाच चिन्हं पाच चौकटींत घालतात, पुढच्या चौकटीपासून ⅩⅨ सुरू करतात आणि कुठे काय संपलं ते त्यांनाच कळत नाही. एका ओळीवर एकच संख्या लिहायला सांगा. कागद जरा जास्त जाईल, जाऊ द्या.

तिसरी खास इंग्रजी माध्यमाची. ही मुलं 1 हा अंक नुसती उभी रेघ म्हणून काढतात. मग त्यांचे 11 आणि Ⅱ हुबेहूब सारखे दिसतात. प्रश्न "दोन रोमनमध्ये लिहा" असा असतो, मुलगी दोन रेघा काढते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ते अकरा म्हणून वाचते. 1 ला वर छोटं नाक काढायची सवय लावा. मराठी माध्यमात १ चा आकार उभ्या रेघेसारखा नसल्यामुळे हा घोळ होत नाही.

आता एकोणीस. इथे हमखास ⅠⅩⅩ असं लिहून येतं आणि त्याचं कारण आपल्याच बोलण्यात आहे. एकोणीस म्हणजे एक कमी वीस, एकोणतीस म्हणजे एक कमी तीस. मराठी कानाला विसाच्या आधी एक काडी लावणं अगदी साहजिक वाटतं. पण रोमन पद्धतीत Ⅰ फक्त Ⅴ आणि एका Ⅹ च्या आधी लागतो. त्यासाठी गठ्ठे-सुटेच कामी येतात. एकोणीस म्हणजे एक गठ्ठा आणि नऊ सुटे. आधी गठ्ठा लिहा, Ⅹ. मग सुटे लिहा, Ⅸ. झालं ⅩⅨ. चौदा: Ⅹ, मग Ⅳ. सव्वीस: ⅩⅩ, मग Ⅵ. दहाच्या पुढे काहीही लिहायचं तर दोन कप्प्यांत लिहायचं, दशक आधी, एकक नंतर. यासाठी दोन रंगांची पेनं द्या, दशकाला एक आणि एककाला दुसरं. एकोणतीस येईपर्यंत रंग सोडायला सांगू नका. वाचतानाही तेच: ⅩⅩⅣ दिसलं की आधी Ⅹ मोजायचे, वीस, मग उरलेलं वाचायचं, चार. फक्त Ⅹ च्या आधी काडी नाही ना, ते बघायचं.

मध्येच ती विचारेल की शून्य कसं लिहायचं. खरं ते सांगा: या पद्धतीत शून्याला चिन्हच नाही आणि त्याची गरजही पडत नाही. आपण दहा लिहिताना १ च्या पुढे ० ठेवतो, कारण ० नसेल तर तो नुसता एक राहील. Ⅹ मात्र कुठेही असला तरी दहाच असतो. दुसरीतल्या मुलीला एवढं पुरे. पण हा प्रश्न तिनं स्वतःहून विचारला तर शिकवणं योग्य वाटेवर आहे असं समजा.

घड्याळाचं काय? तिचा गोंधळ रास्त आहे. रोमन आकड्यांच्या बऱ्याच घड्याळांवर चारच्या जागी ⅠⅠⅠⅠ असतं, तर लंडनच्या बिग बेनच्या घड्याळावर Ⅳ आहे. शिवाय अशा तबकड्यांवर आकड्यांचे पाय मध्याकडे असतात, त्यामुळे खालचे आकडे उलटे दिसतात. सहाच्या जागी बघा: आधी काडी, मग उलटा Ⅴ. जी मुलगी नुकतीच "आधी काडी म्हणजे चार" शिकली आहे ती तिथे चारच वाचणार! म्हणून भिंतीवरचं घड्याळ शिकवायला घेऊ नका. पुठ्ठ्याची तबकडी करा, बाराही आकडे सुलट लिहा, चारला Ⅳ लिहा आणि तिच्यावर वेळ वाचू द्या. ते पक्कं झाल्यावर घड्याळ भिंतीवरून खाली काढा, तिच्या हातात द्या आणि फिरवून फिरवून प्रत्येक आकडा सुलट करून वाचायला सांगा. चार काड्यांचा चार तिथे पुन्हा भेटेल. घड्याळावर असा चालतो, वहीत मात्र Ⅳ, हे स्पष्ट सांगून ठेवा, नाहीतर चाचणीत गुण जातील.

बाहेर बघण्यासारखं आपल्याकडे बरंच आहे. आजीच्या डब्यात जुनी नाणी असतील तर काढा. ब्रिटिश काळातल्या रुपयावर राजाच्या नावापुढे रोमन अंक असतो. पंचम जॉर्जच्या नाण्यावर Ⅴ आणि सहाव्या जॉर्जच्या नाण्यावर Ⅵ. दोन्ही शेजारी ठेवून "आधीचा राजा कोणता?" असं विचारलं की ते अंक तिला कशासाठी तरी उपयोगी पडतात. मुंबईला जाणं झालं तर गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीवरचा लेख वाचायला लावा. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला तिथे उतरले, त्याची आठवण म्हणून तो आहे. राजाच्या नावापुढे Ⅴ आहे आणि शेवटी साल ⅯⅭⅯⅪ असं कोरलेलं आहे. सगळं साल तिला वाचता येणार नाही, ते मोठ्या भावंडांसाठी: Ⅿ म्हणजे हजार, ⅭⅯ म्हणजे हजाराच्या शंभर आधी, नऊशे. पण शेवटचे अकरा तिचे आहेत. ते तिनं बोट दाखवून वाचावेत.

घरी जोड्या पक्क्या झाल्या की बक्षीस म्हणून एक कोडं द्या. काड्यांनी मांडा: Ⅺ + Ⅰ = Ⅹ. अकरा आणि एक मिळून दहा, म्हणजे साफ चूक. एकाही काडीला हात न लावता हे बरोबर करायचं आहे. थोडा वेळ डोकं चालवू द्या, मग तिला उठून टेबलाच्या पलीकडे जाऊन बघायला सांगा. तिकडून दिसतं: Ⅹ = Ⅰ + Ⅸ. इतके दिवस ज्या उलटसुलटीनं तिला सतावलं, तीच आता तिच्या हातातली गंमत होते. पण नऊ-अकरा कच्चे असताना हे कोडं दाखवू नका.

आता चाचणी. रोज दहा-पंधरा मिनिटं द्या, त्याहून जास्त नको. पहिला आठवडा काड्या आणि वाचन, दुसऱ्या आठवड्यात लेखन. तपासताना कधीही ओळीनं विचारू नका. असं विचारा: नऊ, सोळा, चार, अकरा, एकोणीस, सहा, चौदा. निम्मे तुम्ही दाखवायचे आणि तिनं वाचायचे, निम्मे तुम्ही बोलायचे आणि तिनं मांडायचे. चुकलं तर उत्तर सांगू नका, "संख्यारेषेवर उभी राहा बघू" म्हणा.

एकोणचाळीसपर्यंत Ⅰ, Ⅴ, Ⅹ ही तीनच चिन्हं लागतात, तेव्हा आधी तिथपर्यंत पोचा. चाळीसला नवं चिन्ह येतं, Ⅼ म्हणजे पन्नास. चार Ⅹ लिहायच्या ऐवजी पन्नासाच्या आधी एक Ⅹ लावायचा, ⅩⅬ. चारची युक्ती तीच, फक्त काडीच्या जागी दहा. दहा-दहाच्या उड्यांची संख्यारेषा काढून दाखवलीत तर चार कळलेल्या मुलीला चाळीस समजायला वेळ लागत नाही. पुढे दशक आधी आणि एकक नंतर, तोच नियम: ⅩⅬ आणि Ⅳ म्हणजे चव्वेचाळीस. एकोणपन्नासला पुन्हा "एक कमी पन्नास" आडवं येतं आणि मुलं ⅠⅬ लिहितात. तिथे दोन रंगांची पेनं परत काढा, ⅩⅬ एका रंगात आणि Ⅸ दुसऱ्या. आदल्या दिवसापर्यंत हा शेवटचा दशक जमला नाही तर तो राहू द्या, आणि संध्याकाळी फक्त Ⅳ, Ⅵ, Ⅸ, Ⅺ ही चार कार्डं पिसून पुन्हा एकदा वाचून घ्या.